रेषेच्या डावीकडे

आधी आवाज बदलला. इतका वेळ करवत एका सुरात गुणगुणत होती, तो सूर अचानक चढला, मांजरीच्या शेपटीवर पाय पडावा तसा, आणि लगेच कोणीतरी मला कमरेच्या उजव्या बाजूला जोरात ढकललं. अगदी माणसानं ढकलावं तसं, रागानं. पण खोलीत दुसरं माणूसच नव्हतं. मी धडपडत मागे गेले, आणि माझ्या अंगाला घासून गेलेलं ते जे काही होतं ते मागच्या लोखंडी दारावर जाऊन आदळलं. दार घंटेसारखं वाजलं, बराच वेळ वाजत राहिलं. करवत मात्र पुन्हा आपल्या सुरात गाऊ लागली होती, जणू काही झालंच नव्हतं. मी हात पाहिले. बोटं होती, सगळी होती. मग गुडघ्यानं लाल बटण दाबलं, पातं मंदावत मंदावत थांबलं, आणि मी हसले. खरंच हसले, मोठ्यानं. आणि हसतानाच माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की कोणी पाहिलं तर नाही ना?

पाहणार कोण? आमच्या इमारतीच्या तळघरातली ही खोली युद्ध झालंच तर सगळ्यांनी येऊन लपावं म्हणून बांधलेली. भिंती हातभर जाड. युद्ध नसताना तिथे सायकली, स्की, जुने पाळणे आणि एका कोपऱ्यात माझी टेबल-करवत. शेजारी कपडे धुण्याची खोली, तिच्या पलीकडे सौना, म्हणजे वाफेनं अंग शेकायची खोली. इथे बॉम्ब फुटला तरी वर जिन्यात कळू नये अशी सोय आहे, मग एका मुलीला प्लायवूडच्या पट्टीनं ढकललं हे कुणाला कळणार! ती पट्टी दाराशी पडली होती, लांबलचक, निष्पाप. उचलून पाहिली तर तिच्या गोऱ्या अंगावर कोयरीसारख्या वळणाच्या काळपट रेघा उमटल्या होत्या. पात्याचे दात तिच्यावरून फिरत गेले होते. बर्चच्या लाकडाचा जळका वास येत होता. एरवी मला तो वास आवडतो, पाव जरा जास्त भाजला गेला की येतो तसा. त्या दिवशी तो वास नाकातून थेट पोटात उतरला आणि तिथेच बसून राहिला.

यंदा मला काय झालंय कोण जाणे, मला सगळं येतं असं वाटतं. शाळेत मागच्या वर्षीपर्यंत माझं नाव घेतलं तरी माझे कान लाल व्हायचे. यंदा मी इतिहासाच्या तासाला हात वर न करताच बोलते. केस मी स्वतःच कापले, आरशात बघून, आणि बरे दिसतात. आमच्या ल्हाती शहराच्या रस्त्यांवरचा बर्फ वितळायला लागला की हिवाळाभर टाकलेली बारीक खडी बुटांखाली करकरते. तो आवाज ऐकत चालताना मला वाटतं की सगळं शहर माझ्याच पावलांनी वाजतंय. आणि या सगळ्याच्या भरात मी जानेवारीत जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं होतं, "आइती, मी तुला खोली बांधून देणार."

आइती म्हणजे माझी आई. ती पहाटे, लोक कूस बदलत असतात तेव्हा, बेकरीत जाते. म्हणून संध्याकाळीच झोपते. आणि झोपते बैठकीतल्या सोफ्यावर, कारण आमच्या घरात झोपायची खोली एकच आहे आणि ती माझी. इथे राहायला आलो तेव्हा तिनं माझी पेटी त्या खोलीत ठेवली आणि स्वतःची उशी सोफ्यावर टाकली. त्याला आता किती वर्षं झाली. रोज संध्याकाळी मी स्वयंपाकघरात चमचासुद्धा कपात हळू फिरवते, दिव्यावर रुमाल टाकते, आणि भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या तिच्या पाठीकडे बघते. सोफ्याच्या मधोमध जी खाच आहे ती तिच्या पाठीच्या आकाराची झाली आहे, का तिची पाठ खाचेच्या आकाराची झाली आहे, असा मला कधीकधी प्रश्न पडतो. म्हणून मी बैठकीच्या कोपऱ्यात एक खाट बांधत होते, चारी बाजूंनी प्लायवूडच्या भिंती असलेली, वर छोटा झरोका, आत दिवा, उशाला कपाट आणि दार. मुख्य म्हणजे दार. आतून लागणारं. आइतीनं माझं चित्र पाहिलं आणि म्हणाली, "हे काय, कोंबडीचं खुराडं?" मी म्हटलं, "हो, राजेशाही कोंबडीचं." ती हसली, आणि मग तिनं ते चित्र फ्रिजवर चुंबकानं लावलं. तीन महिने ते तिथेच आहे. रोज लोणी काढताना ती त्यातल्या दाराकडे बघते. मी पाहिलंय.

करवत माझ्या एनोची. एनो, म्हणजे आइतीचा भाऊ, सुतारकामाला नॉर्वेला गेला आणि जाताना ती माझ्या हवाली करून गेला. शाळेत आम्हाला अशी करवत कधी हाताळू दिली नव्हती. तिथे जमिनीवर पिवळी रेघ आखलेली असते, कापायचं शिक्षकांनी आणि आपण रेघेपलीकडून बघायचं. एनोनं मात्र मला आख्खा उन्हाळा शिकवलं. पात्याच्या उजवीकडे ती लोखंडी पट्टी, तिला प्लायवूडच्या शीटची सरळ कड चिकटवायची, नजर पात्यावर नाही, पट्टीवर ठेवायची. पातं लाकडाच्या वर दाताएवढंच दिसलं पाहिजे. पात्यामागे पोलादाची पातळ पाचर बसवलेली असते, ती कापलेली फट मिटू देत नाही. आणि स्वतः उभं राहायचं पात्याच्या रेषेच्या डावीकडे. "का?" मी विचारलं होतं. "कारण पट्टी आणि पात्याच्या मधे जे अडकतं ते सुटलं की घोड्याची लाथ असते," एनो म्हणाला होता, "आणि घोड्याच्या मागे कोण उभं राहतं?" "गाढव," मी म्हटलं होतं. "शहाणी आहेस. आणि ऐक, पूर्ण शीट एकटीनं कधी घ्यायची नाही. करवत इवलीशी, शीट दाराएवढी. कोणालातरी बोलव."

कोणालातरी बोलव. बोलायला काय जातं! बुधवारी मी बूट घालून, हातमोजे खिशात कोंबून दाराशी तयार होते, आणि नेहमीसारखा दाराच्या भोकाला डोळा लावला. जिन्यात समोरची राइली होती. ती एकटी राहते, सत्तरी ओलांडलेली आहे, आणि कचऱ्याची पिशवी घेऊन खाली चालली होती. दार उघडलं असतं तर "मोई" म्हणून नमस्कार करावा लागला असता, ती काहीतरी म्हणाली असती, मी काहीतरी म्हटलं असतं, दोघी एकाच जिन्यानं एकाच दिशेनं उतरलो असतो. म्हणून मी श्वास धरून थांबले. तिची पावलं विरेपर्यंत थांबले. आमच्या जिन्यात सगळेच असं थांबतात, त्यात वाईट काही नाही, ती एक प्रकारची सभ्यताच आहे. आणि मग, जिना रिकामा झाल्यावर, मी खाली गेले आणि दाराएवढी शीट एकटीनं इवल्याशा टेबलावर चढवली. पाचर रविवारी खाचा पाडताना काढली होती, ती फळीवरच राहिली होती. शीट अर्ध्याहून पुढे गेली आणि तिचं शेपूट टेबलाच्या मागून खाली लोंबायला लागलं. ते तोलायला मी पुढून दाबलं, दाबायला म्हणून उजवीकडे सरकले, बरोबर रेषेत. पुढचं सांगितलंच. गाढव!

बुधवारी संध्याकाळी आइती सोफ्यावर झोपलेली असताना मी स्वयंपाकघरात गोठलेल्या मटारचं पाकीट कमरेला लावून बसले. दुखणं तसं फार नव्हतं, म्हणजे वाकलं की होतं, हसलं की होतं. वेगळंच काहीतरी होत होतं. फ्रिज सुरू झाला की माझे खांदे उचलले जायचे. वरच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावला आणि माझा हात आपोआप कमरेवर गेला. सूर चढायच्या आधीचा तो क्षण, सगळं ठीक आहे असं वाटणारा, तो मला पुन्हा पुन्हा आठवत होता. कारण त्या क्षणी मला खरंच सगळं ठीक वाटत होतं, किंबहुना फार छान वाटत होतं, मी गुणगुणत होते. मग आता जेव्हा छान वाटेल तेव्हा त्यावर विश्वास कसा ठेवायचा? हा प्रश्न मला आवडला नाही. मी मटार परत फ्रिजरमध्ये ठेवले, फ्रिजवरचं चित्र दिसलं, त्यातलं दार दिसलं. बैठकीच्या कोपऱ्यात तिच्या खोलीचा अर्धवट सांगाडा उभा होता, भिंतीविना, हाडांसारखा. आइतीला कळलं तर करवत त्याच दिवशी नॉर्वेच्या वाटेला लागेल. तिचा आवाज चढणार नाही, ती फक्त म्हणेल, "सोफा चांगला आहे की." हेच वाक्य. मला ते तिच्या आवाजात ऐकू आलं आणि रडूच यायला लागलं.

गुरुवारी शाळेत वाटाण्याचं सूप होतं, दर गुरुवारी असतं तसं. बशीतल्या त्या हिरव्या लगद्याकडे बघून मला आमच्या फ्रिजरमधलं पाकीट आठवलं आणि मी एकटीच फिस्सकन हसले, आणि हसल्यावर कमर दुखली. समोरची मैत्रीण म्हणाली, "तुला झालंय काय?" "सुपात विनोद सापडला," मी म्हटलं. पण मनात एकच चाललं होतं. शुक्रवार. शुक्रवारी इमारतीच्या सौनात बायकांची वेळ असते. मी आणि आइती, राइली, कधी आणखी कोणी. इथे राहायला आलो तेव्हापासून मी शुक्रवार चुकवलेला नाही, ताप आला होता तेवढा एक सोडून. सौनात उघड्या अंगानं बसतात, तिथे अंगावरचं काही लपत नाही. ब्लूबेरीचं सूप सांडावं तसा बुधवारच्या माराचा डाग कमरेवर पसरला होता, मधे जांभळा, कडेला हिरवट. आणि जायचं नाही म्हटलं तर? ते तर आणखी ओरडून सांगण्यासारखं. डोकं दुखतंय म्हटलं तर आइती म्हणणार, "मग तर सौना हवाच." शाळेतून परत येताना मी पुलावर उभी राहिले, खाली बर्फ फुटून पाणी काळं दिसत होतं, आणि दूरवर उड्यांचे तिन्ही मनोरे आभाळाला टेकलेले. तिथून माणसं स्कीवर हवेत झेपावतात. त्यांचा एकदा तोल गेला तर ती पुन्हा वर कशी चढत असतील? पायऱ्यांनी, मी स्वतःला सांगितलं, एकेक पायरीनं, आणि त्यांना खाली उभं राहून बघणारं कोणीतरी असतं.

बघणारं कोणीतरी. आणि तिथे पुलावर मला एकदम सौनातली एक जुनी संध्याकाळ आठवली. मी चार-पाच वर्षांची असेन, वरच्या बाकावर पाय हलवत बसलेले. राइलीच्या बरगड्यांखाली एक पांढुरकी खूण होती, आडवी, लांब, पानासारखी टोकदार. मी बोट दाखवून विचारलं, "ते काय आहे?" आइतीनं माझा हात खाली ओढला. राइली मात्र सौनाच्या त्या अंधाऱ्या उष्णतेत खो खो हसली होती. "हे? फळीनं पापी घेतली, पोरी. फार प्रेम होतं माझ्यावर." मला ते खरंच वाटलं होतं. कित्येक दिवस मी घरातल्या फळ्यांना गाल लावून बघत होते. राइली आयुष्यभर प्लायवूडच्या कारखान्यात होती, हे मला तेव्हापासून माहीत होतं; त्या कारखान्याच्या जागी आता गच्च्या असलेल्या इमारती उभ्या आहेत. मला माहीत होतं आणि तरी ते कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बुधवारी भोकाला डोळा लावून मी जिला जाऊ दिलं ती नेमकी हीच बाई होती! पुलावरून घरापर्यंत मी जवळजवळ पळत आले. कमर दुखत होती तरी पळाले. पण घराच्या दाराशी आल्यावर समोरचं दार बघितलं आणि आपल्याच दारात शिरले. गुरुवार असाच गेला. धीर आला म्हणजे काय रोज सगळ्या गोष्टींना येतो असं नाही.

शुक्रवारी शाळेतून आले, दप्तर टाकलं आणि बूट न काढता परत बाहेर पडून समोरची घंटा वाजवली. आत पावलं आली, दारापर्यंत आली, आणि थांबली. दाराचं भोक काळं झालं. मग काहीच नाही. मी तिथे, ती तिथे, मधे दार. मला तो पलीकडचा धरलेला श्वास ओळखीचा वाटला, अगदी माझाच. आणि मला इतकं हसू आलं की मी भोकाला तोंड लावून म्हटलं,

"राइली, मला दिसतंय तू आहेस."

"नाहीये," आतून आवाज आला.

"तुझा डोळा दिसतोय."

"डोळा घरी आहे. मी बाहेर गेलेय." कडी निघाली. राइली उभी होती, हातात अर्धा विणलेला मोजा. "काय पाहिजे? साखर? साखर नाही. कॉफी आहे."

"फळीनं माझी पापी घेतली," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी स्वेटरची कड उचलून डागाचा थोडा भाग दाखवला. तिनं मोजा खुंटीवर अडकवला, बूट घातले. जिन्यात उतरताना म्हणाली, "चुंबन जरा ओठांपेक्षा दातांनीच घेतलंय. उभी कुठे होतीस?"

"रेषेत."

"गाढव."

"तेच."

तळघरात आल्यावर तिनं करवतीभोवती एक फेरी मारली, विकायला आणलेल्या गायीभोवती मारावी तशी, आणि गोठ्यात जागा नसल्यासारखं तोंड केलं. "ही? एवढीशी? आमच्याकडची यंत्रं सौनाएवढी होती. हिचं बटण कुठंय ते तरी दाखव." मग भिंतीला टेकलेली शेवटची मोठी शीट पाहिली, आइतीच्या खोलीची लांब भिंत, आणि म्हणाली, "आणि ही तू तिच्यावर घालणार होतीस? अस्वलाला टोपलीत बसवतेस होय ग?"

"एनो बसवायचा."

"तुझा एनो स्वतः अस्वल आहे. आपण दोन चिमण्या. आधी अस्वलाचे तुकडे करू, मग टोपलीचं बघू."

माझा थोडा हिरमोड झाला, खोटं कशाला बोलू. मला ती आख्खी शीट टेबलावरून लोण्यासारखी सरकवायची होती, बुधवारचा हिशेब चुकता करायचा होता. पण राइलीनं जुन्या गाद्या ओढून जमिनीवर पसरल्या, आम्ही शीट त्यांवर आडवी झोपवली, सरळ फळी शिकंज्यांनी आवळून बसवली आणि एनोची हातातली गोल करवत त्या फळीच्या कडेनं चालवली, हव्या त्यापेक्षा बोटभर रुंद ठेवून. शीट जमिनीवर निजलेली, कुठे लोंबायला जागा नाही, पडायला जागा नाही. गुडघ्यांवर बसून कापताना मला वाटलं की हे किती निमूटपणे झालं, आणि याला घाबरायचं विसरूनच गेले. मग उरलेली भिंत, तरी बरीच मोठी, टेबल-करवतीवर फक्त कड साफ करायला. त्यासाठी राइलीनं धुण्याच्या खोलीतलं चादरी घडी घालायचं लांब टेबल आणायला लावलं. त्याच्या पायांखाली लाकडाचे तुकडे घालून ते करवतीच्या मागे, तिच्या टेबलापेक्षा केसभर खाली बसवलं. मी वर धावत जाऊन माझं स्कीचं मेण आणलं आणि दोन्ही टेबलांवर घासलं. राइलीनं तळवा फिरवून पाहिला, तो सटकन गेला. "हे आम्हाला सुचलं नव्हतं," ती म्हणाली, आणि तिला सुचलं नव्हतं याचा मला एवढा आनंद झाला की लपवताही येईना. पाचर मी स्वतः बसवली, नखानं वाजवून पाहिली.

"आता ऐक," राइली म्हणाली. "कानावर झाकणं चढली की बोलणं संपलं. मी आणि हेल्वी, माझी जोडीदारीण, तीस वर्षं एकमेकींसमोर उभ्या होतो आणि कारखान्यात एक शब्द बोललो नाही. हनुवटी खाली म्हणजे चल. हनुवटी वर म्हणजे थांब. मी पलीकडे उभी राहणार. आणि एक, मी ओढणार नाही हं. पलीकडचीनं कधी ओढायचं नाही. ओढलं की अलीकडचीचा तोल जातो. मी फक्त खालून टेकू देणार. न्यायचं तुझं तू."

"आणि ती परत उडाली तर?"

"तर उडेल. तू रेषेत असशील का?"

"नाही."

"मग उडू दे, दार आधीच वाजवून झालंय." तिनं लोखंडी दारावरचा पोचा अंगठ्यानं चाचपला. मग म्हणाली, "मला लागलं होतं तेव्हा मी कोणालाच सांगितलं नव्हतं. हेल्वीनं पाहिलं होतं, म्हणून हेल्वीला माहीत." तिनं कानांवर झाकणं चढवली.

करवत सुरू झाली आणि माझे खांदे वर गेले. तोच सूर. पोटात बसून राहिलेला जळका वास जागा झाला, कमरेच्या डागात नाडी उडायला लागली. मी डावीकडे उभी होते, पाय फाकवून, शीटची कड पट्टीला चिकटवून, आणि हात पुढे जात नव्हते. मला माहीत होतं सगळं, पाचर, मेण, केसभर, सगळं, आणि हातांना ते माहीत नव्हतं. मी मान वर केली. टेबलाच्या पलीकडे राइली उभी होती, तळवे वर करून, ओंजळीत काही मागत असल्यासारखी. घाई नाही, धीर देणारं हसू नाही, काही नाही. एक संबंध दुपार तिथे उभी राहिली असती अशी. आणि मग तिची हनुवटी खाली गेली, इतकी थोडी की तीस वर्षं पाहिलेल्यालाच कळावी. मला कळली.

मी नजर पट्टीवर टेकवली. लाकूड दातांना लागलं, सूर जरा जाड झाला, आणि तसाच राहिला. कड आणि पट्टी यांच्यात उजेडाची फट दिसली नाही. भुसा मनगटांवर उडत होता, उबदार, पिठासारखा, आणि मला आइतीचे हात आठवले, ती घरी येते तेव्हा कोपरापर्यंत पिठाचा वास असलेले; तेवढ्यात मनानं स्वतःलाच दटावलं, पट्टी, पट्टी बघ. शीट पुढे गेली, तिचं शेपूट लोंबायच्या जागी आलं आणि लोंबलं नाही. पलीकडून कुणीतरी घेतलं, ओढलं नाही, फक्त ते पडलं नाही. ते मला हातांत जाणवलं, माझ्या बाजूच्या हातांत, की पलीकडे कोणीतरी आहे. शेवटी ढकलायच्या काठीनं शेवटची वीत पार नेली, पट्टीला चिकटलेली भिंत पात्यापलीकडे मोकळी झाली, आणि डावीकडची चिंचोळी काप जागच्या जागी आडवी पडून राहिली. शांत. झोपलेली. मी गुडघ्यानं बटण दाबलं. पातं थांबेपर्यंत आम्ही दोघी हललो नाही. मग मी एवढी मोठी किंकाळी मारली की राइलीनं कानांवरची झाकणं काढून परत लावली.

दार कापायचं राहिलं होतं, पण सौनाची वेळ झाली होती. आम्ही भुशानं माखलेल्या तशाच दोन दारं पलीकडे गेलो. आइती आधीच आत बसलेली होती, वरच्या बाकावर, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून. शुक्रवारी ती तशीच बसते, आठवडा अंगातून गळू देत. मी टॉवेल घट्ट गुंडाळून तिच्याशेजारी बसले, राइली पलीकडे. सौनात तसंही कुणी घाई करत नाही. आइतीनं दगडांवर डावभर पाणी टाकलं, ते चुरचुरलं, वाफ छतावरून येऊन खांद्यांवर उतरली. मनात मी वाक्य जुळवत होते. झालं ते झालं, आता मला येतं, राइलीला विचार. वाक्य काही जुळेना. शेवटी मी नुसती टॉवेलची कड बाजूला केली आणि डाग दाखवला.

आइतीनं डोळे उघडले. पाहिलं. तिनं हात पुढे केला आणि डागाच्या शेजारी, दुखणार नाही अशा जागी, दोन बोटं टेकवली. तिची बोटं माझ्या अंगापेक्षा गरम होती.

"मटारचं पाकीट," ती म्हणाली. "बुधवारपासून ते इतक्यांदा वितळून गोठलंय की त्याचा दगड झालाय. आणि तळघराच्या दाराला पोचा."

"तुला माहीत होतं?"

"काहीतरी झालंय एवढं माहीत होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"शुक्रवार येणारच होता," आइती म्हणाली. "कुठे पळून जाणार होता?"

मी श्वास धरून त्या वाक्याची वाट पाहत होते. सोफा चांगला आहे की. दगड टिकटिकत होते. राइली आपल्या गुडघ्यांकडे बघत होती, जणू ते आज नवीन आले आहेत. आइतीनं पुन्हा डाव भरला, पण ओतला नाही, हातातच धरून बसली, आणि तिच्या बरगड्या एकदा मोठ्या होऊन लहान झाल्या.

"आता काय राहिलंय?" तिनं विचारलं.

"दार," मी म्हटलं. "फक्त दार. भिंत झाली, आत्ताच झाली, राइली पलीकडे होती, आणि आइती, तू बघायला हवं होतंस, अशी गेली, अशी…"

"उद्या मला सुट्टी आहे," आइती म्हणाली. "दाराला मी उभी राहते पलीकडे. घट्ट धरीन मी."

"घट्ट धरायचं नसतं, बाई," राइली गुडघ्यांना म्हणाली. "नुसता टेकू द्यायचा. न्यायचं तिचं ती."

आइतीनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तिची हनुवटी खाली गेली, अगदी थोडी, आणि मग तिनं पाणी दगडांवर ओतलं.